घरी बसू की टेबल भाड्याने घेऊ? सोलापुरातून काम करणाऱ्या नवख्यांसाठी

आधी एकच सांगतो: पहिले पंधरा दिवस कुठेही डिपॉझिट भरू नका. पुण्याहून, हैदराबादहून बिऱ्हाड आवरून माणूस सोलापूरला येतो, घरात चार दिवस काढतो आणि पाचव्या दिवशी वैतागून को-वर्किंगमध्ये तीन महिन्यांचे पैसे भरून मोकळा होतो. नाहीतर उलटं. घरातल्या कोपऱ्यासाठी महागाची खुर्ची आणतो आणि मे महिना लागला की त्या खुर्चीवर फक्त धुतलेले कपडे बसतात. मी दोन्ही करून बसलोय.

को-वर्किंग हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक मोठी जागा, त्यात टेबलं, नेट, एसी, चहा आणि वापरायला मीटिंग रूम. 'हॉट डेस्क' म्हणजे आलात की जे टेबल रिकामं असेल ते तुमचं, संध्याकाळी सगळं आवरून घरी. 'फिक्स डेस्क' म्हणजे रोज तेच टेबल, सामान ठेवायला कप्पा. 'केबिन' म्हणजे दार असलेली खोली. एका दिवसापुरते पैसे भरून बसलात तर तो 'डे पास'. पूर्वी हे पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांतच होतं, आता सोलापुरातही अशा जागा आहेत. प्रश्न जागा आहे का हा नाही, तुम्हाला ती लागते का हा आहे.

पायरी पहिली: पंधरा दिवसांची वही

शंभरपानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहायचं नाही, मोबाइल हातात घेतला की अर्धा तास तिथेच जातो. पानावर तीन रकाने आखा: कामातून किती वाजता उठलो, कशामुळे उठलो, पुन्हा कामाला लागेपर्यंत किती मिनिटं गेली. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कुरिअरवाल्याला सही द्यायला दोन मिनिटं लागतात, पण परत येऊन डोकं जाग्यावर यायला पंधरा. ती पंधराही मांडायची.

माझ्या वहीतलं पहिल्या आठवड्याचं एक पान अजून जपून ठेवलंय. 'बुध. ११.१०. पाणी.' एवढंच लिहिलंय. बाहेरून आलेल्यांना सांगायला हवं, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. येतं तेव्हा घरातले सगळे हात त्याच कामाला लागतात. त्या दिवशी मी क्लायंटला स्क्रीन दाखवत होतो. आईने जिन्यातून हाक मारली, "पाणी आलंय रे! पाइप सुटलाय, ये आधी!" मी माइक बंद करायला गेलो आणि घाईत कॅमेरा बंद केला. पुढची दोन-तीन मिनिटं क्लायंटला मी दिसत नव्हतो, पण बादल्या सरकवल्याचा, पाइप ओढल्याचा आणि शेजारच्या अक्कांना "तुमच्याकडं जोरात येतंय का?" विचारल्याचा आवाज मात्र स्वच्छ जात होता. शेवटी पलीकडून अगदी काळजीने विचारणा झाली, "तुमच्याकडे पूर आलाय का?"

चौदा दिवसांनी बेरीज केली. एकूण ४१ वेळा उठलो होतो. १९ वेळा घरातल्या किंवा शेजारच्या माणसांमुळे, ९ वेळा वीज किंवा नेटमुळे, ५ वेळा पाण्यामुळे आणि ८ वेळा मीच, काही कारण नसताना, फ्रिज उघडून बघायला. ही विभागणी झाली की निम्मा निर्णय झाला. कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. माणसांवर आणि वीज-नेटवर भाड्याचं टेबल लागू पडतं. पाण्यावर पडत नाही, कारण तुम्ही नसलात तरी पाणी येणारच आणि ते कुणीतरी भरायलाच हवं. आणि त्या आठांवर तर जगात कुठलंच टेबल चालत नाही. को-वर्किंगमध्येही फ्रिज असतो.

पाण्याचं सांगून टाकतो. आमच्याकडे खाली हौद, वर गच्चीवर टाकी. हौदाला बॉल कॉक बसवला, म्हणजे भरला की पाणी आपोआप थांबतं. हौदातून टाकीत चढवणाऱ्या मोटरला लेव्हलचा सेन्सर लावला, टाकी भरली की मोटर बंद. दोन्हीचा मिळून खर्च एका महिन्याच्या डेस्कपेक्षा कमी आला आणि वहीतल्या पाच नोंदींपैकी चार गेल्या. टेबल शोधायला निघण्याआधी अशी छोटी दुरुस्ती घरात शिल्लक आहे का ते बघा.

पायरी दुसरी: घरातल्यांना काम दिसू द्या

"घरीच असतोस की बे, जरा सिलिंडर घेऊन ठेव." हे वाक्य सोलापुरात घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलंय. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. गंमत अशी की घरून काम हा प्रकार या शहराला नवा नाही. शहराच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचं, मोजून जुड्या परत नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने.

मग त्या घरात माग चालवणाऱ्याला कुणी मधेच कोथिंबीर आणायला का पाठवत नाही? कारण मागाला आवाज असतो. खटखट थांबली की घरातल्या सगळ्यांना कळतं, काम थांबलं. आणि काम थांबलं म्हणजे पैसे थांबले. लॅपटॉपला आवाज नाही. बाहेरून बघणाऱ्याला पोरगा पडद्याकडे बघत बसलेला दिसतो, तो कोडिंग करतोय की क्रिकेट बघतोय हे कसं कळणार? (विडीवाल्या बाईला मात्र सूप मांडीवर असतानाही उठून भात टाकावाच लागतो, हेही खरं. दिसणारं काम सगळ्यांचंच मानलं जात नाही.)

म्हणून आपल्या कामाला आवाज द्यायचा. सोलापुरात १८७७ साली कापड गिरणी निघाली, तीच आपली जुनी मिल, आणि पुढे या गावाचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर चालला. मी तोच भोंगा घरात आणला. सकाळी साडेनऊला मोबाइलचा अलार्म, मोठ्या आवाजात, हॉलमध्ये. दुपारी एकला दुसरा, दोनला तिसरा, साडेसहाला शेवटचा. पहिले तीन दिवस सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात आईच शेजारच्या काकूंना सांगताना ऐकलं, "त्याचा भोंगा झालाय, आता दुपारी एकला भेटंल." माणसांमुळे होणाऱ्या १९ नोंदी पुढच्या पंधरवड्यात सातवर आल्या. दार असेल तर दार लावा, नसेल तर पडदा. भर हॉलमध्ये सोफ्यावर बसून "मला डिस्टर्ब करू नका" म्हणण्यात अर्थ नाही.

हे सगळ्यांना जमेल असं मात्र मी म्हणत नाही. मुलाचा भोंगा घर ऐकतं, सुनेचा भोंगा ऐकतंच असं नाही. आमच्या नात्यातली एक वहिनी पुण्याच्या कंपनीचं पेरोल सांभाळते. तिने दोन महिने दार लावून बघितलं. दाराबाहेर पाहुणे बसलेले असताना आत बसणं तिला शक्यच झालं नाही. ती आता डेस्क घेऊन बसते. तिच्या बाबतीत मी आकडेमोड करायलाही सांगणार नाही, पहिल्या महिन्यापासून बाहेर जावं.

पायरी तिसरी: वीज आणि नेट तपासा

इथे अंदाज नको, मोजणी हवी. इन्व्हर्टरची बॅटरी १५० अँपिअर-अवर आणि १२ व्होल्टची असेल तर कागदावर १,८०० वॅट-अवर होतात. वाया जाणारी वीज धरून हाताला १,२०० च्या आसपास लागतात. साधा पंखा ७५ वॅट, लॅपटॉप ६५, राउटर १२, एक दिवा १०. मिळून साधारण १६० वॅट, म्हणजे सात-साडेसात तास. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर निम्मे धरा. पंखा बीएलडीसी घेतलात तर तो तिसेक वॅटवर चालतो आणि अडीच-तीन तास वाढतात. घरातला टीव्ही आणि दुसऱ्या खोलीतले पंखेही त्याच इन्व्हर्टरवर असतील तर हे गणित सोडून द्या.

नेटचं वेगळंच दुखणं आहे. घरात वीज आहे, राउटर चालू आहे, तरी नेट बंद. अशा वेळी राउटरवरचा एलओएस दिवा बघा. तो लाल झाला म्हणजे बाहेरून येणारा सिग्नलच तुटलाय. बऱ्याचदा गल्लीतल्या किंवा केबलवाल्याकडच्या पेटीची वीज गेलेली असते आणि त्या पेटीला बॅकअप नसतो. तुमच्या घरात कितीही बॅटऱ्या ठेवल्या तरी उपयोग नाही. म्हणून कनेक्शन घेण्याआधी शेजारी विचारायचा प्रश्न 'स्पीड किती' हा नसून 'लाइट गेल्यावर नेट राहतं का' हा आहे. व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी तीन-चार एमबीपीएस पुरतात. शंभरचा प्लॅन घेतलाय म्हणून कॉल तुटायचा थांबत नाही. अपलोड किती मिळतो ते बघा, तेही रात्री नऊ वाजता, सगळी गल्ली मालिका बघत असताना.

दुसरी सोय म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट ठेवा, पण वेगळ्या कंपनीचं. फायबर आणि सिम एकाच कंपनीचं असेल तर दोन्ही एकदमच गेल्याचा अनुभव मला आहे.

पायरी चौथी: उन्हाळ्याची तालीम

सोलापूरचा निर्णय खरं तर एप्रिल-मे घेतो. पारा चाळीसच्या वर जातोच, काही दिवस त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत. जानेवारीत आलात आणि घर छान वाटलं म्हणून खुर्ची घेतलीत तर फसाल. खोली वरच्या मजल्यावर आहे का आणि पश्चिमेची भिंत उघडी आहे का, हे दोन प्रश्न विचारा. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत आत आग सोडतो. परदेशातल्या क्लायंटचे कॉल नेमके त्याच वेळेत असतात.

स्वस्तातला उपाय आधी. मार्चमध्ये गच्चीला पांढरा चुना मारून घ्या, बराच फरक पडतो. मग कूलर. आपली हवा कोरडी आहे त्यामुळे मोठा कूलर इथे मस्त चालतो आणि वीज दोनशे वॅटच्या आसपासच खातो. पण कूलर पाणी पितो. भर उन्हात मोठा कूलर दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज संपवतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात कूलरला पाणी घालायचं की धुणं काढायचं, यावर मे महिन्यात भांडणं होतात. बोअरचं पाणी घातलंत तर जाळीवर पांढरा क्षार चढतो, महिन्याला गवत बदला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कूलर नुसता दमट वारा देतो, तेव्हा तो बंद ठेवलेलाच बरा.

एसी लावायचा तर दीड टनाचा एसी आठ तासांना साधारण सहा ते नऊ युनिट घेतो. महिन्याच्या बावीस दिवसांचे एकशे तीस ते दोनशे युनिट झाले. घरच्या नेहमीच्या वापरात ते मिळवा आणि बिलावर बघा, वरच्या टप्प्याचा दर लागतोय का. बहुतेकांना लागतो. हा जास्तीचा आकडा वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या पायरीला लागेल.

पायरी पाचवी: तुमचा एक तास केवढ्याला?

इथपर्यंत वही भरली असेल तर हिशोब पाच मिनिटांचा आहे. खालचे आकडे फक्त रीत समजण्यासाठी घेतलेत, जागेचा दर तुम्ही तुमचा घाला.

समजा डेस्कचं भाडं ४,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८१०. रोज जाऊन-येऊन दहा किलोमीटर, बावीस दिवस, म्हणजे २२० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर पाच लिटरच्या आत, सव्वापाचशे रुपये. बाहेर बसलं की चहा-नाष्टा होतोच, रोजचे ४० धरले तर ८८०. एकूण सुमारे ६,७०० रुपये. आता तुमच्या कामाच्या एका तासाची किंमत काढा. पगारदार असाल तर हातात येणारा पगार भागिले १७६ (बावीस दिवस, आठ तास). समजा ३०० रुपये आली. ६,७०० भागिले ३०० म्हणजे साधारण बावीस तास. महिन्यात बावीसच कामाचे दिवस आहेत, म्हणजे रोजचा एक तास.

अर्थ इतकाच: वहीतल्या तिसऱ्या रकान्यात, फक्त माणसं आणि वीज-नेट या दोन कारणांचे, रोज एक तासापेक्षा जास्त जात असतील तर डेस्क परवडतं. कमी जात असतील तर घरीच बसा. उन्हाळ्यात एसीचं वाढलेलं बिल ६,७०० तून वजा करा. आमच्याकडे ते वजा केल्यावर एप्रिल-मेमध्ये डेस्क स्वस्त पडलं, उरलेले दहा महिने घर.

पगारदारांनी एक लक्षात ठेवावं. कामाचा तास वाचला म्हणून कंपनी जास्त पगार देत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी हे पैसे खिशातूनच जातात. जाण्याआधी कंपनीला विचारा, काही कंपन्या नेट किंवा डेस्कचे पैसे देतात. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, बाहेरच्या वायफायवर काम करायला परवानगी आहे का तेही विचारा. बँकिंग किंवा आरोग्याच्या माहितीवर काम असेल तर बऱ्याच ठिकाणी नसते. पैसे भरून झाल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

पायरी सहावी: जागा बघायला दुपारी जा

सकाळी दहाला कुठलीही जागा छान दिसते. दुपारी तीनला जा. तेव्हा एसी खरंच गारवा देतोय की नुसता घरघरतोय ते कळतं, माणसं किती आहेत ते कळतं, आणि पार्किंग मिळतं का तेही. नवी पेठ, पार्क चौक या भागात बाजाराच्या वेळी दुचाकी लावायलाही फेऱ्या माराव्या लागतात. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडे राहत असाल तर गावात रोज शिरण्यापेक्षा त्याच बाजूला जागा मिळते का बघा. दोनशे रुपये भाडं जास्त असलं तरी चालेल.

आता एका चुकीबद्दल. पहिल्या वेळी मी विचारलं होतं, "बॅकअप आहे ना?" मालक म्हणाले, "आहे की!" मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली. दिवे चालू राहिले, नेट चालू राहिलं, एसी बंद. खिडक्या काचेच्या, न उघडणाऱ्या. अर्ध्या तासात आम्ही आठ-दहा जण लॅपटॉप घेऊन जिन्यात बसलो होतो. बॅकअप होता, फक्त दिव्यांना. तेव्हापासून मी असं विचारतो: लाइट गेल्यावर काय काय चालू राहतं, किती वेळ, आणि जनरेटर आहे की इन्व्हर्टर? जमलं तर सरळ म्हणायचं, "एकदा मेन बंद करून दाखवता का?" चांगला मालक दाखवतो. टाळाटाळ करणाऱ्याकडे डिपॉझिट ठेवू नका.

बाकीचं पटापट. स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा, बायकांसाठी वेगळं आहे का तेही. खुर्चीवर पंधरा मिनिटं बसून बघा, पाठ लगेच सांगते. कॉल घ्यायला बंद खोपटं आहे का? नसेल तर शेजारच्या टेबलावरच्या विमा एजंटाचे सगळे हप्ते तुम्हाला पाठ होतील. शटर किती वाजता पडतं? अमेरिकेच्या वेळेने काम असेल तर रात्री दोनला जिना उघडा राहणार का, वॉचमन असतो का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. रात्रपाळीवाल्यांना माझा सल्ला घरच. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, नोटीस किती दिवसांची, तीन-सहा महिने सोडता न येण्याची अट आहे का, हे कागदावर घ्या. व्हॉट्सॲपवरचं "हो सर" म्हणजे कागद नव्हे. आणि आधी दोन वेगवेगळ्या दिवसांचे डे पास घ्याच, एक सोमवारी, एक शनिवारी.

रस्त्याचाही विचार करा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्याच्या दिवसांत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी गावातले रस्ते बंद होतात आणि होम मैदानाच्या आसपास गाडी नेणं विसरा. गणपती आणि जयंत्यांच्या मिरवणुकींच्या दिवशी मिरवणुकीच्या वाटेवरच्या इमारतीत बसून कॉल होत नाही, काचा थरथरतात. अशा दिवशी घर बरं. तुमचं घर त्याच वाटेवर असेल तर मात्र सुट्टीच टाका.

अभ्यासिका आणि गाळा

सोलापुरात तिसरा मार्गही आहे, त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी जागोजागी अभ्यासिका आहेत. नंबर टाकलेलं टेबल, दिवा, पंखा किंवा एसी, वायफाय, भाडं को-वर्किंगपेक्षा बरंच कमी. शांतता तर अशी की पान उलटलेलं ऐकू येतं. लिखाण, भाषांतर, डिझाइन, हिशोब असं बिनबोलाचं काम असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही. पण कॉल घ्यायचा नाही. एकदा मी तिथे कुजबुजत फोन घेतला तर चाळीस मुलांनी एकदम मान वर करून बघितलं. त्या मुलांचं आयुष्य त्या टेबलावर टांगलेलं असतं, आपण तिथे पाहुणे. मालकाला आधी सांगा की तुम्ही नोकरदार आहात, काही जण ठेवत नाहीत.

चार मित्र मिळून गाळा भाड्याने घेणं हाही प्रकार होतो. स्वस्त पडतो, पण झाडणार कोण, नेटचं बिल कोण भरणार आणि एकाने सोडलं तर त्याचा हिस्सा कुणाच्या डोक्यावर, हे आधी ठरवा. मैत्री टिकवायची असेल तर लिहून ठरवा.

कागदपत्रं

फ्रीलान्स करणाऱ्यांसाठी. सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर डेस्कच्या भाड्यावरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं (म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून ते वजा होतात), मात्र बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा. नोंदणी घरच्या पत्त्यावरही होते. वीजबिल आणि जागा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडायचं. फक्त पत्त्यासाठी कुणी डेस्क गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. दुकाने आणि आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यानुसार कामाला ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना दिली की भागतं, आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. एजंटाला पैसे कशाला?

प्राप्तिकरात डेस्कचं भाडं व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतं, पण अंदाजित उत्पन्नाच्या सोप्या पद्धतीने (उलाढालीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरून) रिटर्न भरत असाल तर वेगळा खर्च दाखवता येत नाही. पगारदाराला ही वजावट नाहीच. घरच्या मीटरचं बऱ्याच जणांना भय असतं. घराच्या एका भागातून छोटा व्यवसाय चालवला आणि महिन्याचा वापर ३०० युनिट, वर्षाचा ३,६०० युनिटच्या आत राहिला तर महावितरणचा घरगुतीच दर लागतो. वकील, सीए, इंजिनिअर यांच्या घरातल्या कामालाही घरगुती दर आहे. एसी लावून तीनशेच्या वर जाणाऱ्यांनी मात्र आपलं काम कशात मोडतं ते महावितरणच्या ऑफिसात एकदा विचारून घ्यावं.

माझी सध्याची घडी

पहिल्या वर्षी डेस्क, दुसऱ्या वर्षी पूर्ण घर, आणि आता मिसळ. जून ते मार्च घरी, भोंग्यावर. आठवड्यातून एक दिवस डे पास, ज्या दिवशी लांबलचक मीटिंग असतील तो. एप्रिल आणि मे फिक्स डेस्क, मार्चच्या पहिल्या आठवड्यातच बोलून ठेवतो कारण उन्हाळ्यात सगळ्यांनाच एसी आठवतो. सहा महिन्यांची अट घालणाऱ्यांकडे जात नाही, दोन महिन्यांचे थोडे जास्त पैसे देतो. वही अजून चालू आहे, पण वर्षातून दोनदाच, ऑक्टोबरमध्ये पंधरा दिवस आणि फेब्रुवारीत पंधरा दिवस. गेल्या फेब्रुवारीत माणसांमुळे फक्त चार वेळा उठलो. स्वतःहून फ्रिजकडे गेलो ते अकरा वेळा.